वाचकाचा वेळ जपणारा गणिती

१९२४ सालच्या जानेवारी महिन्यात मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात नवे ग्रंथपाल रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना ते पद नकोसे झाले. वय एकतीस, शिक्षण गणिताचे आणि आवड फळ्यासमोर उभे राहून शिकविण्याची. प्रेसिडेन्सी कॉलेजातील विद्यार्थ्यांची वर्दळ सोडून आलेल्या या माणसाला कपाटांमधला एकांत सोसवेना. पुस्तके होती, ती सांभाळणारे नोकर होते. वाचक मात्र फारसे फिरकत नव्हते. आपल्याला पूर्वीच्या जागी परत जाऊ द्यावे, अशी विनंती त्यांनी वरिष्ठांकडे केली. वरिष्ठांनी तोडगा काढला. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयांचा अभ्यास करून यावे आणि परतल्यावरही मन रमले नाही, तर खुशाल पुन्हा शिकवायला जावे. ते गेले, परत आले आणि त्यानंतर अखेरच्या श्वासापर्यंत ग्रंथालयापासून दूर झाले नाहीत.

हे गृहस्थ म्हणजे शियाळी रामामृत रंगनाथन. १२ ऑगस्ट ही त्यांची नोंदलेली जन्मतारीख देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळली जाते. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, एखादे पुस्तक प्रदर्शन भरते. प्रतिमेतला माणूस कोण, हे त्या दालनात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना सांगता येईल, याबद्दल शंका आहे. मात्र तोच विद्यार्थी संगणकावर विद्यापीठाची ग्रंथसूची उघडतो, हजारभर नोंदींतून भाषा, वर्ष, विषय अशा चौकटी निवडत नेमक्या दहा नोंदींपर्यंत पोहोचतो, तेव्हा तो रंगनाथन यांनीच पाडलेल्या वाटेने चालत असतो.

त्यांचा जन्म १८९२ सालचा, तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावचा. आजच्या नकाशावर हे गाव सिरकाळी म्हणून सापडते. मराठी वाचकाला तंजावर म्हटले की भोसले घराणे आठवते आणि सरफोजी राजांनी जिवापाड जपलेले, वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालयही आठवते. ज्या मुलखात एका राजाने हस्तलिखितांचा असा खजिना उभारला, त्याच मुलखातल्या एका सामान्य घरातील मुलाने पुढे खजिन्याच्या कल्पनेलाच हात घातला, हा योगायोग मोठा बोलका आहे. वडील रामामृत अय्यर यांची थोडी शेतीवाडी होती आणि रामायणावर निरूपण करण्याची त्यांना हौस होती. रंगनाथन सहा वर्षांचे असताना वडील वारले. आजोबांच्या आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलगा वाढला. लहानपणी तो बोलताना अडखळत असे. हा दोष त्याने प्रयत्नाने बराचसा घालविला, तरी क्वचित एखाद्या शब्दापाशी त्यांची जीभ मोठेपणीही अडे. या माणसाने पुढे आयुष्यभर व्याख्याने दिली आणि वर्ग घेतले, हे विशेष.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून त्यांनी गणितात १९१३ साली बी.ए. आणि १९१६ साली एम.ए. केले. तेथील गणिताचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांना ते गुरू मानीत. पुढे शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी मंगळूर, कोईमतूर आणि मद्रास येथील सरकारी महाविद्यालयांत अध्यापन केले. शिक्षकी पेशाची मिळकत बेताची होती. १९२३ साली मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची जागा जाहीर केली, तेव्हा तिच्या अधिक पगारामुळे मित्रांनी त्यांना अर्ज करायला लावले. सुमारे नऊशे अर्ज आले आणि त्यांतील एकालाही ग्रंथालयाचे रीतसर शिक्षण नव्हते. रंगनाथन यांची या विषयातली एकूण तयारी म्हणजे मुलाखतीपूर्वी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात वाचलेला ग्रंथालयांवरील लेख! गणिताच्या इतिहासावर त्यांनी थोडे संशोधन केले होते. निवड समितीला तेवढे पुरले.

लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी नाव घातले. वर्गीकरण हा विषय शिकविणारे बर्विक सेयर्स हे क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. परीक्षेत रंगनाथन यांना फार गुण पडले नाहीत, पण खरे शिक्षण वर्गाबाहेर झाले. सेयर्स यांच्या सल्ल्याने ते ब्रिटनमधली शंभरहून अधिक ग्रंथालये पाहत हिंडले. गिरणी कामगार, गृहिणी, शाळकरी मुले, व्यापारी असे सर्व थरांतले लोक तेथे हक्काने येत होते, स्वतःच्या हाताने पुस्तक काढून चाळत होते, अडले तर कर्मचाऱ्याला विचारत होते. मद्रासमध्ये पदवीधरांसाठी असलेल्या ग्रंथालयात जे दिसत नव्हते, ते येथे कामगार वस्तीत दिसत होते. ग्रंथालय म्हणजे पुस्तके जपून ठेवण्याचे कोठार, या समजुतीला त्यांच्या मनात येथे पहिला तडा गेला.

दुसरी गोष्ट त्यांच्या गणिती बुद्धीला टोचत होती. तेव्हा बहुतेक ग्रंथालये अमेरिकेच्या मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश पद्धती वापरीत. या पद्धतीत ज्ञानाचे खण आधीच पाडून त्यांना आकडे दिलेले असतात. नवे पुस्तक आले की ते योग्य खणात टाकायचे. पण एकाच पुस्तकात दोन-तीन विषय गुंफलेले असले किंवा विषयच नवा असला, तर खण कोणता? लंडनमधल्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात रंगनाथन यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. लोखंडी पट्ट्या, चाके, सळया, नट आणि बोल्ट. त्याच तुकड्यांतून विक्रेता कधी गाडी तर कधी यारी जोडून दाखवीत होता. विषयांचेही असे सुटे भाग करून ते जोडता आले तर? ही कल्पना त्यांनी मनाशी घट्ट धरली. १९२५ साली जहाजाने भारतात परतताना त्यांनी बोटीवरच्या छोट्या ग्रंथसंग्रहावर आपल्या कच्च्या आराखड्याचा प्रयोगही करून पाहिला.

मद्रासला परतलेल्या रंगनाथन यांना आता शिकवायला परत जायचे नव्हते. पुस्तकांची कपाटे वाचकांसाठी खुली झाली. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु त्या काळी चिठ्ठी लिहून द्यायची आणि नोकराने आतून पुस्तक आणीपर्यंत बाकावर बसून राहायचे, हा सर्वत्र रिवाज होता. वाचनालयाच्या वेळा वाढल्या, सुट्टीच्या दिवशीही दारे उघडी राहू लागली. पुस्तक खरेदीसाठी अनुदान मिळावे म्हणून त्यांनी सरकारदरबारी खेटे घातले. १९३६ साली समुद्रकिनाऱ्यालगतच्या चेपॉक परिसरात विद्यापीठ ग्रंथालयाची स्वतंत्र इमारत उभी राहिली.

यापेक्षा महत्त्वाचा बदल डोळ्यांना सहज दिसणारा नव्हता. दरवर्षी नवे विद्यार्थी विद्यापीठात येत. शाळेत पाठ्यपुस्तकापलीकडे काही न पाहिलेला मुलगा हजारो पुस्तकांच्या रांगांसमोर बावरून जाई आणि दाराशीच परत फिरे. अशा नवागतांना ग्रंथालयाची रीतसर ओळख करून देणे हे रंगनाथन यांनी ग्रंथपालाचे कर्तव्य ठरविले. पुस्तके कोणत्या क्रमाने लावली आहेत, सूचीतून नोंद कशी काढायची, कोश कसे पाहायचे, हे त्याला हाताला धरून दाखवायचे. त्यानंतर कोणी झटपट उत्तराचा प्रश्न घेऊन येईल, त्याला तेथल्या तेथे संदर्भ द्यायचा. कोणी संशोधनाचा विषय घेऊन येईल, त्याच्यासोबत कितीही दिवस लागले तरी शोध घ्यायचा. या साऱ्या कामाला त्यांनी संदर्भसेवेच्या शास्त्राचे रूप दिले आणि १९४० च्या सुमारास त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुस्तके विकत घेणे, त्यांचे वर्गीकरण करणे, सूची तयार करणे या सगळ्या खटाटोपाचे सार्थक वाचक आणि पुस्तक यांची गाठ पडते त्या क्षणी होते, अशी त्यांची धारणा होती.

त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली पंचसूत्री याच अनुभवातून निघाली. गणित आणि विज्ञानात थोड्या मूलभूत नियमांतून सारा पसारा उलगडतो, मग ग्रंथालयाच्या कामात तसे नियम का नसावेत, हा प्रश्न त्यांना बरीच वर्षे छळत होता. १९२८ साली एके दिवशी त्यांनी तो गुरुवर्य रॉस यांच्यापुढे मांडला. रॉस यांनी सहज बोलावे तसे पहिले सूत्र सुचविले आणि बाकीची चार रंगनाथन यांना मग आपोआप सुचत गेली. त्या वर्षाच्या अखेरीस चिदंबरम येथील शिक्षणविषयक परिषदेत त्यांनी ती मांडली आणि १९३१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

सूत्रे इतकी साधी आहेत की पहिल्या वाचनात ती शास्त्र वाटतच नाहीत. पहिले सूत्र ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत असे बजावते. दुसरे प्रत्येक वाचकाचा त्याच्या पुस्तकावर हक्क सांगते आणि तिसरे उलट बाजूने प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देण्याची जबाबदारी ग्रंथालयावर टाकते. चौथे वाचकाच्या वेळेची काळजी वाहते आणि पाचवे ग्रंथालय सतत वाढणारी सजीव संस्था असल्याचे सांगते. कोणाला यात काय मोठे, असे वाटेल. पण रंगनाथन यांनी पहिल्या सूत्राचा धागा धरून जे प्रश्न विचारले ते अडचणीचे होते. पुस्तके वापरण्यासाठी असतील, तर ग्रंथालय गावाबाहेर का? ते वाचकाला सवड असते त्याच वेळी बंद का? कपाटे हात न पोहोचणाऱ्या उंचीची का? ग्रंथपालाला शिक्षकापेक्षा कमी पगार आणि कमी मान का? युरोपातील मठांत पुस्तके साखळीने बांधून ठेवीत. रंगनाथन यांनी त्या साखळ्यांचा इतिहास सांगितला आणि आपल्याकडे साखळ्या नसल्या, तरी वृत्ती तीच असल्याचे दाखवून दिले.

योग्य पुस्तक योग्य हाती पडल्याने काय होते, याचे एक उदाहरण त्यांच्याच जिल्ह्यात होते. कुंभकोणमच्या एका शाळकरी मुलाला १९०३ साली कॉलेजच्या ग्रंथालयातील कार नावाच्या लेखकाचे गणिती सूत्रांचे पुस्तक मित्रांमार्फत मिळाले. तो मुलगा म्हणजे श्रीनिवास रामानुजन. रंगनाथन यांनी उतारवयात, १९६७ साली, रामानुजन यांच्यावर पुस्तक लिहिले, त्यामागे गणिताचे प्रेम तर होतेच.

कार्यालयातला हा झपाटा घरी मात्र महाग पडत होता. मद्रासच्या दोन दशकांत रंगनाथन रोज तेरा तास, आठवड्याचे सातही दिवस काम करीत आणि त्यांनी रजा म्हणून घेतली नाही. पहिली पत्नी रुक्मिणी यांचे १९२८ साली अपघाती निधन झाले. पुढल्या वर्षी शारदा यांच्याशी विवाह झाला. त्या विवाहाचे विधी आटोपल्यावर दुपारी नवरदेव ग्रंथालयात कामावर हजर! चरित्रकार हा प्रसंग कौतुकाने सांगतात. शारदाबाईंच्या बाजूने तो कोणी लिहिलेला नाही.

१९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली आणि मेकॅनोचे तुकडे प्रत्यक्षात जोडले गेले. ही पद्धती समजून घ्यायला ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात नेहमी दिले जाणारे एक उदाहरण पुरेसे आहे. समजा, भारतात १९५० साली फुफ्फुसांच्या क्षयरोगावर क्ष-किरणांच्या साहाय्याने उपचार करण्याविषयी झालेले संशोधन, असा एखाद्या पुस्तिकेचा विषय आहे. जुन्या पद्धतीत हिला वैद्यकात टाकायचे, की क्षयरोगात, की क्ष-किरणांत, की भारतात? रंगनाथन यांनी विषयाचे पैलू वेगळे केले. मूळ शाखा वैद्यकाची, अवयव फुफ्फुस, व्याधी क्षय, क्रिया उपचाराची, साधन क्ष-किरण, स्थळ भारत, काळ १९५०. प्रत्येक पैलूला खूण द्यायची आणि विरामचिन्हांनी त्या खुणा जोडायच्या. जोडणीसाठी सुरुवातीला त्यांनी अपूर्णविरामाची दोन टिंबे घेतली, म्हणून हे नाव. पुढे त्यांनी असा सिद्धांत मांडला की कोणत्याही विषयाचे पैलू शेवटी पाच मूळ प्रकारांत बसतात. वस्तूचे स्वत्व, तिचे द्रव्य, तिच्यावर घडणारी क्रिया, स्थळ आणि काळ हे ते पाच प्रकार.

याचा फायदा दुहेरी होता. ज्ञानाची उद्या जी शाखा निघेल तिच्यासाठी आधीपासून खण राखून ठेवण्याची गरज उरली नाही. आणि वाचक कोणत्याही बाजूने आला तरी वाट सापडू लागली. क्षयरोगाचा अभ्यासक असो वा क्ष-किरणांचा, दोघांनाही तीच पुस्तिका मिळे. अर्थात कागदाच्या पत्त्यांवर हे करणे फार किचकट होते. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर मावणार नाहीत इतके लांब क्रमांक तयार होत. आवृत्तीगणिक रंगनाथन नियम बदलीत, नवे पारिभाषिक शब्द घडवीत आणि बिचाऱ्या ग्रंथपालांना हजारो पुस्तकांच्या चिठ्ठ्या पुन्हा चिकटवाव्या लागत. परिणामी आजही भारतातील बहुसंख्य ग्रंथालयांत ड्यूईचीच पद्धती चालते आणि द्विबिंदू पद्धती मोजक्या ठिकाणी उरली आहे. इंग्लंडमधील अभ्यासकांनी मात्र १९५२ साली वर्गीकरण संशोधन मंडळ स्थापून पैलूंचा हा विचार उचलला. १९५७ साली डॉर्किंग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला रंगनाथन स्वतः हजर होते. तेथून तो माहितीशास्त्रात शिरला. संगणकाला लांब क्रमांकाचा त्रास होत नाही आणि एकच नोंद एकाच वेळी सात ठिकाणी दाखविणे त्याला सहज जमते. ऑनलाइन सूचीच्या डाव्या बाजूला विषय, भाषा, वर्ष, लेखक अशा ज्या चौकटी दिसतात, किंवा इंटरनेटवरच्या दुकानात किंमत, रंग, आकार यांनुसार वस्तू गाळता येतात, त्या रचनेच्या वंशावळीत रंगनाथन यांचे नाव आदराने घेतले जाते.

येथवर आल्यावर आजच्या विद्यापीठांकडे वळणे भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली इन्फ्लिबनेट हा ग्रंथालये जोडणारा कार्यक्रम सुरू केला. २००४ पासून देशातील विद्यापीठांना संशोधनपर नियतकालिके एकत्रितपणे संगणकावर मिळू लागली. शोधगंगा या भांडारात पीएच.डी.चे प्रबंध खुले झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक आणि तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, असा तिचा आवाका आहे. १ जानेवारी २०२५ पासून ती लागू झाली. जिल्ह्याच्या गावातील सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला जे लेख पाहायला एकेकाळी मुंबई-पुण्याला यावे लागे, ते त्याच्या टेबलावर आले. दुसऱ्या सूत्राची एवढ्या मोठ्या प्रमाणावरची अंमलबजावणी रंगनाथन यांच्या काळात कल्पनेतही नव्हती.

प्रश्न पहिल्या सूत्राचा आहे. ग्रंथालयांच्या ओसीएलसी या अमेरिकी सहकारी संस्थेने भारतासह सहा देशांत केलेली एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली होती. माहितीच्या शोधाची सुरुवात सर्च इंजिनपासून करणारे ८४ टक्के आणि ग्रंथालयाच्या संकेतस्थळापासून करणारे अवघा १ टक्का, असे तिचे आकडे होते. पाहणीला आता वीस वर्षे उलटली असली, तरी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणत्याही संगणक कक्षात डोकावले तर चित्र फार बदललेले दिसणार नाही. विद्यार्थी सर्च इंजिनमध्ये किंवा आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चौकटीत दोन शब्द टाकतो आणि पहिल्या पानावर जे येईल ते उतरवून घेतो. विद्यापीठाने कोट्यवधी रुपये मोजून घेतलेला लेख त्याच पडद्यापासून दोन टिचक्यांवर असतो. त्यासाठीचे खाते आपल्या नावे उघडता येते, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयाचा परिचयवर्ग घेतला जातो खरा, पण पुष्कळ ठिकाणी तो अर्ध्या तासाचा, सभागृहात दोनशे मुले बसवून आणि हजेरीपुरता. लोखंडी साखळीची जागा कधी विसरलेल्या पासवर्डने घेतली आहे, तर कधी आवाराबाहेर न उघडणाऱ्या दुव्याने. ग्रंथपालांची मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून डेटाबेसच्या वर्गण्या भरणाऱ्या व्यवस्थेला रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घालण्याचा अधिकार किती, हा प्रश्नही या निमित्ताने विचारायला हवा.

विद्यापीठाच्या भिंतींबाहेरच्या वाचकाचाही रंगनाथन यांना विसर पडला नव्हता. १९२८ साली स्थापन झालेल्या मद्रास ग्रंथालय संघाचे ते प्रमुख कार्यकर्ते होते. १९३१ साली मन्नारगुडी परिसरात बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय खेड्यापाड्यांतून हिंडू लागले. त्यामागे या चळवळीची प्रेरणा होती. ग्रंथालय सेवा दानशूरांच्या मर्जीवर अवलंबून न राहता कायद्याने मिळाली पाहिजे, हा आग्रह धरून त्यांनी १९३० पासून कायद्याचे मसुदे तयार केले. या बाबतीत मराठी मुलखाने पुढाकार घेतला होता, हे आवर्जून नोंदवायला हवे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. स्वतंत्र भारतातील पहिला असा कायदा मद्रास प्रांताने १९४८ साली रंगनाथन यांच्या प्रयत्नांमुळे संमत केला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा.

त्याच मद्रासचे विद्यापीठ मात्र त्यांना १९४५ साली सोडावे लागले. कुलगुरूंशी बिनसले होते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एकवीस वर्षे उभारलेले सारे मागे टाकून, त्यांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली. ते शांतपणे लिहीत बसण्याच्या विचारात होते. पण बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू सर्वपल्ली राधाकृष्णन यांचे बोलावणे आले. बनारसला सुमारे लाखभर पुस्तके अव्यवस्थित पडली होती आणि हाताखाली प्रशिक्षित माणूस नव्हता. रंगनाथन यांनी दोन वर्षांत ती जवळजवळ एकट्याने वर्गीकृत केली. १९४७ साली सर मॉरिस ग्वायर यांनी त्यांना दिल्ली विद्यापीठात नेले. तेथे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाची घडी बसली. वैज्ञानिकांना नव्या संशोधनाची माहिती पुरविणारे राष्ट्रीय प्रलेखन केंद्र १९५२ साली दिल्लीत निघाले, त्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता.

दिल्लीचा मुक्काम हलवून ते १९५५ च्या सुमारास झुरिकला मुलाकडे गेले आणि दोन वर्षे युरोपातील अभ्यासकांशी चर्चा करीत राहिले. १९५७ साली पद्मश्री मिळाली. त्याच सुमारास त्यांनी आयुष्यभराची शिल्लक, एक लाख रुपये, मद्रास विद्यापीठाला दिली. ज्या विद्यापीठातून मन दुखावून बाहेर पडले, तेथेच ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन उभे राहावे म्हणून ही देणगी होती आणि अध्यासनाला नाव शारदा रंगनाथन यांचे होते. त्या काळी लाख रुपयांत काय काय येत असे, याचा हिशेब जुन्या पिढीच्या वाचकांना सांगायला नको. स्वतः ते खादीचे साधे कपडे घालीत आणि राहणीही तशीच होती.

अखेरचा पडाव बंगळूर. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पाठिंब्याने भारतीय सांख्यिकी संस्थेने १९६२ साली तेथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले आणि सत्तरीतले रंगनाथन पुन्हा वर्गात उभे राहिले. चाळीस वर्षांपूर्वी सोडलेला फळा त्यांना असा परत मिळाला. १९६५ साली केंद्र सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक केले. संगणक तेव्हा मोठी खोली व्यापणारे यंत्र होते. तरीही वर्गीकरणाचे नियम यंत्राला कसे शिकविता येतील, हा विषय त्या केंद्रात अभ्यासाला होता.

२७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. द्विबिंदू पद्धतीची सातवी आवृत्ती त्यांच्या हयातीत पुरी होऊ शकली नाही. ती १९८७ साली निघाली. पंचसूत्रीचा १९३१ चा ग्रंथ छापील स्वरूपात आज सहजी मिळत नाही. तो संगणकावर आहे. कोणाही विद्यार्थ्याला तो पूर्ण आणि विनामूल्य वाचता येतो.